समाचाराला बंदी

२२ जुलै १९५७, सोमवार

हॉलची कौलं पुन्हा सरकली. गळक्या कोपऱ्यातल्या तिघींच्या वळकट्या माझ्या खोलीत आणून टाकल्या. आता रेक्टरबाईंनी कुठं पडायचं, हा प्रश्न शिल्लक.

शांता म्हात्रे मुंबईहून परतली, भाच्याचं बारसं उरकून. आली ती शिंकतच. "आधी पायांवर पाणी घे" म्हटलं, तर पाण्यापर्यंत पोचायच्या आत चौघींच्या गळ्यात पडून झालं होतं. बारशाच्या घुगऱ्या आणल्या होत्या. एकाच डब्यात हात घालून सगळ्यांनी खाल्ल्या. मीही खाल्ल्या. छान होत्या.

संध्याकाळी प्रिन्सिपॉलांनी बोलावलं. पेपर पुढे सरकवला. मुंबईत घरोघर फ्ल्यू, शाळा ओस. म्हणाले, "बाई, इथं साथ शिरली तर संस्था आपलं ट्रेनिंग कॉलेज बंद करून मुलींना घरी पाठवील." मी म्हटलं, "पाठवा. पण परत किती येतील?" ते चष्मा पुसत बसले. त्यांना सगळं ठाऊक आहे. या मुली मास्तरीण व्हायला घरातून कशा सुटून आल्यात, कुणाच्या किती मिनत्या करून आल्यात. एकदा उंबऱ्याआत गेल्या की लग्नं, पोरं, शेणसारवण. निम्म्या तरी गेल्याच म्हणून समजा.

तेव्हा साथ शिरू द्यायची नाही. कशी, ते देव जाणे आणि आमचे सरकारी दवाखान्याचे डॉक्टर.


२४ जुलै, बुध.

दुसऱ्या वर्षाला आरोग्यशास्त्राचा तास. विषय: पदर. घाम पुसायला तो, गरम पातेलं उतरवायला तो, शिंक आली की तो, आणि लगेच सराव-शाळेतल्या पोराची पाटी पुसायलाही तोच. म्हटलं, उद्यापासून प्रत्येकीच्या कमरेला जुन्या लुगड्याचा रुमाल, आणि तो रोज उकळायचा. कमळने हात वर केला. "बाई, मग पदर कशाला ऱ्हायला?" वर्ग खदखदला. मीही हसले, रागवायचं राहून गेलं.

कमळची गोष्टच निराळी. खाडीपलीकडच्या कोळीवाड्यातली, तिथून इथवर आलेली पहिलीच. बाप मुंबईला गोदीत. घरात काकाचा शब्द चालतो आणि काकाने एवढ्या वर्षापुरतीच परवानगी दिलीय. पास झाली तर मास्तरीण, नाहीतर सुपं आणि टोपल्या. सराव-शाळेत पोरांना बेरीज शिकवताना फळ्यावर बोंबील काढते. पोरं बोंबील मोजतात आणि बेरीज येते. मला पंचवीस वर्षांत असं सुचलं नाही.


२६ जुलै, शुक्र.

शांताला ताप. डोळे लाल, अंग ठणकतंय. तापावरची एपीसीची गोळी, आल्याचा चहा. दुपारपासून तिच्या अंथरुणाभोवती ही गर्दी. एक डोकं चेपतेय, एक पायाशी, एक गवती चहा घेऊन, एक नुसतीच हात हातात घेऊन रडवेली. प्रार्थनेनंतर बाकीच्याही समाचाराला. मी कौतुकाने दारात उभी राहून पाहिलं. काय तरी माया एकेकीची! मग मीही आत गेले आणि तिच्या कपाळाला हात लावला. तोच हात न धुता जेवायला बसले. आरोग्यशास्त्र शिकवते मी.


२८ जुलै, रवि.

आणखी सहा आडव्या. डॉ. सायकलवरून भिजत आले. त्यांच्या तोंडाला कुलूप नाही.

"पहिली शांता. तिच्या उशाशी कोण कोण बसलं होतं?"

मी मोठ्या अभिमानाने नावं सांगितली. सुलोचना, मंदा, दोघी पाटील...

"आणि आज आडव्या कोण?"

सुलोचना, मंदा, दोघी पाटील.

"बाई, पेशंटला औषध मी देतो. समाचार बंद करा, नाहीतर मला इथंच खाट टाकावी लागेल."

म्हणजे ज्या जास्त मायाळू त्या आधी पडल्या. कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारी वैजू ठणठणीत आहे आणि दोघींच्या वाटणीच्या चपात्या खातेय. देवाच्या घरी न्याय बिलकूल नाही.


२९ जुलै, सोम.

विहिरीपलीकडच्या शिवणवर्गातली यंत्रं भिंतीला सारली, आजाऱ्यांची खोली तिथं. खिडक्या उघड्या. हॉलमध्ये अंथरुणं उलटसुलट घातली, एकीचं डोकं तिथं दुसरीचे पाय. मुली म्हणतात, बाई, हिचे पाय फार वाईट. म्हटलं, ताप त्याहून वाईट.

मिठाच्या गुळण्या, सकाळ-संध्याकाळ, विहिरीच्या कट्ट्यावर रांगेने. सगळ्या एकदम घशात पाणी घोळवतात तेव्हा प्रिं. व्हरांड्यात येऊन बघतात, काय झालं म्हणून.

आणि समाचाराला बंदी. शिवणवर्गात फक्त मी आणि आमच्या स्वैपाकीणबाई गोदूताई. गोदूताईंनी आजाऱ्यांची ताटं-पेले वेगळे काढले, ओळखू यावे म्हणून चुन्याचं बोट लावून. राखेने घासून, उकळत्या पाण्यातून काढून, सगळ्यांत शेवटी. पद्धत चोख. मीच शाबासकी दिली.

मुली फुरंगटल्या आहेत. शांताच्या शेजारी झोपणारी एक म्हणाली, "आजारी माणसाला विचारायचं नाही म्हणजे माणुसकी काय राहिली, बाई?" मलाही तसंच शिकवलेलं. आजारी माणसाच्या घरी न जाणं म्हणजे त्याच्याशी भांडण आहे असं जाहीर करणं.


१ ऑगस्ट, गुरु.

लागण थांबली असं म्हणेपर्यंत कमळ पडली. बंदी मोडून शांताला मागच्या खिडकीतून काढा देत होती, तोंडाशी तोंड. रागावले खूप. ताप बघितल्यावर राग गेला. तापात घरची बोली येते तिला. "मना पानी द्या." एरवी वर्गात 'मला'च म्हणते, अगदी जपून.


३ ऑगस्ट, शनि.

बाकीच्या उठल्या, डॉ.नी हॉलमध्ये यायला परवानगी दिली. शिवणवर्गात कमळ एकटी. ताप उतरतोय, पण जेवत नाही. पेज तशीच परत. बोलत नाही, भिंतीकडे तोंड. गोदूताई म्हणाल्या, माझ्या हातची आवडत नसेल, तिला मासळी हवी असेल. श्रावणात गोदूताईंनी स्वतः होऊन मासळीचं नाव काढलं, म्हणजे त्यांनाही पोरीची किती काळजी लागली आहे ते कळलं.

संध्याकाळी पेला हातात देत होते. घेतला नाही. चुन्याच्या खुणेकडे बघत म्हणाली, "बाई, मी काय केलंय?"

"काही नाही केलंस. ताप आहे म्हणून..."

"आमच्या घराचं पन भांडं असंच येगलं होतं. विहिरीवर."

पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. मला काही उमजलं नाही.


४ ऑगस्ट, रवि.

कमळची आई आली. कोणीतरी बाजारात सांगितलं पोर आजारी आहे. टोपली फाटकाशी ठेवून तडक विहिरीकडे. मी वाटेत उभी राहिले. "आत जाऊ नका, माफ करा, डॉक्टरांचा हुकूम आहे." बाईचा आवाज मासळीबाजारातला. कॉलेजभर गेला.

"येवढी मोठी बाय तू, न् माजे पोरीला वालीत टाकतंस?"

म्हटलं, बसा. कट्ट्यावर बसली. मग हळू आवाजात सांगितलं. दिराचं गावाशी जाळ्याच्या जागेवरून वाजलं. गावाने घर वाळीत टाकलं. "तीन वरसां. कोन बोलं ना, आग देय ना. आमचा हंडा विहिरीवर येगला, सगल्यांचा भरून झाल्यावर. सासू आजारी पडली माजी. समाचाराला कुत्रा न्हाय आला. मेली तवा खांदा द्यायला माजा नवरा, दीर, न् मुंबयशी आलेले दोन पावने. कमल तवा येवढी व्हती. म्हातारीच्या उशाशी तीच बसलेली. दाराकडं बगत."

मागच्या साली गावाने त्यांना परत गावात घेतलं. आणि इथं मी एकटीला खोलीत घातली, भांड्याला चुना लावला, सगळ्या पोरींना सांगितलं की तिच्याकडे फिरकू नका.

आई म्हणाली, "मी नेते तिला घरी. घरी कोन तरी विचारील." नेली की संपलं. काका काय, निमित्ताचीच वाट बघतोय. पाया पडायची वेळ आली माझ्यावर. म्हटलं, दोन दिवस द्या. "ताप वाळीत टाकायचाय मला, पोर नाही." बाईने माझं तोंड न्याहाळलं. म्हणाली, "तुजा तोंड तं खरा दिसतंय."

मग खिडकीपासून दहा पावलांवर उभी राहून लेकीशी बोलली. ओरडूनच. काय भाव मिळाला, काळी मांजर व्याली, बाप सणाला येणार. मी आत होते. कमळने तोंड भिंतीकडून फिरवलं. पेज मागितली.

ओरडून बोललेलं चालतं. ताप दहा पावलं जात नसावा. डॉ.ना विचारायला हवं.


५ ऑगस्ट, सोम.

डॉ. हसले. "इतक्या लांबून बोला की. समाचार घ्यायला मी थोडाच नको म्हणालो? माणसाच्या मांडीवर बसून घेऊ नका म्हणालो." म्हणाले नव्हते असं काही. पण असो.

संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर सगळ्या मुली विहिरीच्या अलीकडे, कमळ खिडकीत. एकेकीने नाव घेऊन विचारायचं. सुरुवातीला लाजल्या. वैजू आधी सुटली. "कमळेऽ, जेवलीस काऽ?" मग काय, वाहतं पाणी. "शौचाला झालं काऽ?" हे मंदाने विचारलं, आणि त्याच वेळी प्रिं. बंगल्याच्या फाटकातून पाहुण्यांना घेऊन आत येत होते. मी छत्रीआड. कमळ खिडकीत हसून हसून खोकली. खोकताना रुमाल धरला, पदर नाही. एवढ्यावरही मला बरं वाटलं.


६ ऑगस्ट, मंगळ.

भांड्यांचा प्रश्न राहिलाच होता. वेगळी नाही ठेवायची तर लागण, ठेवायची तर हे दुखणं. सकाळी भाजी निवडताना गोदूताईंना म्हटलं, एकीचंच वेगळं म्हणून ते बोचतं. सगळ्यांचंच वेगळं करू. गोदूताई म्हणाल्या, "काहीतरीच. इतक्या जणींच्या खुणा मी लक्षात ठेवू?"

बाजारातून नावं घालणारा कासार बोलावला. व्हरांड्यात ठाण मांडून बसला, टक टक टक दिवसभर. प्रत्येकीचा पेला, प्रत्येकीची ताटली, त्यावर तिचं नाव. पोरींना वाटतंय रुखवताची भांडी होतायत. "नुसतं शांता नको, पुढं सौ. घाला!" "सौ. कुणाची गं?" धिंगाणा. कासारही रंगात आला, वैजूच्या पेल्यावर तिच्या सांगण्यावरून मोर काढून दिला. माझ्या पेल्यावर मुलींनी परस्पर 'बाई' घालून घेतलं. आडनाव नाही, काही नाही.

कमळचा पेला चुना धुऊन मीच नेला. अक्षरांवरून बोट फिरवलं तिनं. म्हणाली, "माझ्या नावाचं भांडं आमच्या घरात पन नाय." खिडकी नीट लाव म्हटलं, ती उघडीच ठेवायची असते हे विसरून.

आता कुणी कुणाच्या पेल्याला तोंड लावलं की बाकीच्या ओरडतात. डॉ. म्हणाले, हे तुम्हाला आधी सुचायला हवं होतं. त्यांना चहा दिला नाही.


९ ऑगस्ट, शुक्र.

नवीन लागण नाही. प्रिं.नी संस्थेला कळवलं, कॉलेज चालू राहील. मला म्हणाले, "बाई, जिंकलात." मी म्हटलं, दृष्ट लावू नका.

कमळ बरी. अशक्तपणा आहे, पण काल सराव-शाळेपर्यंत चालून आली. उद्या नारळी पौर्णिमा. काका आणि आई न्यायला आले. काका उंच, खांदे पडलेले, बोलतो कमी. मी सगळ्यांचंच घरी जाणं बंद केलंय, हिलाही नको म्हणणार होते. काका म्हणाला, "बाय, गावानी घेतल्यावर मागल्या साली सनाला आमी बिचकत व्हतो. या साली समदा घर हवा. पोर दिसली न्हाय तं लोक बोलतील, इकडं कायतरी झाला." कमळ माझ्याकडे बघत होती, मागत काहीच नव्हती. डॉ. म्हणाले, तिच्यापासून आता कुणाला काही नाही.

मला भीती वेगळीच. काकाला स्पष्ट विचारलं, परत पाठवाल ना? "सन झाला की आनून सोडतो." शब्द दिला. धरावा लागतो.

निघताना कमळला दरडावलं. "मुंबईचे सगळे सणाला गावात येणार. घरात कुणाला ताप आला तर?"

"तापाच्या घरातून कॉलेजात पाऊल टाकायचं नाय, बाई. शेवटचा माणूस बरा होऊन आठवडा जाईस्तवर."

"कुणीही सांगितलं तरी?"

"कुनी पन."

पाठ केल्यासारखं. फाटकापर्यंत गेले सोबत. नको म्हणाली तरी पेला सोबत नेला, आईला दाखवायला.


१३ ऑगस्ट, मंगळ.

आली नाही. काकाने फसवलं. मला कळायला हवं होतं.


१५ ऑगस्ट, गुरु.

झेंडावंदन. मुलींना हात पसरून अंतर घ्यायला लावलं. मैदान पुरेना, शेवटची रांग भाजीच्या वाफ्यात. प्रिं.चं भाषण लांबलं, दहा वर्षांत देशाने काय काय केलं. पहिल्या रांगेत एक जागा मी रिकामीच ठेवली होती. वैजूने नंतर विचारलं, बाई, तिथं कोण? म्हटलं, अंतर आहे ते.


१७ ऑगस्ट, शनि.

बाजारात कमळच्या गावची एक बाई भेटली. काकाला उगाच शिव्या दिल्या मी. कोळीवाड्यात ताप शिरलाय. सणाला मुंबईहून आलेल्यांबरोबर आला. होड्या किनाऱ्याला. काका स्वतः आडवा, काकू आडवी. कमळ त्यांचं करतेय.

आणि वर काय करतेय, तर दारोदार जाऊन, अंगणातूनच ओरडून, लोकांना सांगतेय की समाचाराला जाऊ नका, आपलं भांडं आपलं ठेवा. बाई कौतुकाने सांगत नव्हती. "लोकांना राग आलाय. येवढ्या वरसांनी गाव परत बोलाय लागला, न् ही सांगते एकमेकाकडं जाव नका. कोन बोललाही, यांचा घर वालीतच बरा व्हता." मी शिकवलं ते ती तिकडे एकटीने...

प्रिं.ना सांगितलं. म्हणाले, शाबास. मला शाबास म्हणवेना.


२० ऑगस्ट, मंगळ.

शिक्षणखात्याचं पत्र. निरीक्षक सोमवारी, सव्वीस तारखेला परीक्षापाठ बघायला येणार. दुसऱ्या वर्षाच्या प्रत्येकीचा एक पाठ, सराव-शाळेच्या पोरांसमोर. पाठ चुकला तर वार्षिकला बसता येत नाही. पुढची तारीख? नाही. प्रिं.नी दोनदा वाचून दाखवलं.

कमळला निरोप पाठवला, बाजारातल्या त्याच बाईबरोबर. सोमवार, पाठ आहे, एवढंच. ये किंवा येऊ नको, काहीच म्हटलं नाही. माझंच मला कळत नव्हतं.


२२ ऑगस्ट, गुरु.

मुली पाठाच्या तयारीत. तक्ते, रंगीत खडू, पुठ्ठ्याचे प्राणी. शांताने कमळचा तक्ता पण करून ठेवलाय, बोंबलांचा. बोंबील कमी, पडवळ जास्त वाटतंय. काही बोलले नाही.

डॉ.ना गाठलं. कमळला एकदा येऊन गेलाय, पुन्हा होईल का? "बहुतेक नाही." मग ती आणील का? "बहुतेक नाही." मग येऊ दे? तर म्हणाले, "बाई, त्या घरात ती रात्रंदिवस आजाऱ्यांचं करतेय. कपडे, हात. मी बहुतेक म्हणतो. लिहून देणार नाही." सराव-शाळेत पोरं चिमुरडी. अजून एकालाही काही नाही. त्यातली निम्मी हाडं नि डोळे.


२४ ऑगस्ट, शनि., दुपार

कमळची आई आलीय. फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडे उभी. आत ये म्हटलं तर नाही म्हणाली. मी पुढे झाले तर मागे सरली. तिथूनच ओरडून सांगितलं सगळं, आणि आज मला त्या आवाजाचा राग आला नाही.

काका उठला. काकू उठली. गावात दोन घरं सोडून बाकी सगळी समाचाराला जायची थांबली, कारण पहिल्या घरांत काय झालं ते लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. आता काही जणी येऊन कमळलाच विचारतात. काकाने काल स्वतः म्हटलं, "जा पोरी, वरीस फुकट नको घालवू, सोमवारी मी सोडतो." काकाने! हे ऐकून मी रस्त्यावरच उडी मारायची बाकी राहिले.

पण काल संध्याकाळी काकाच्या धाकट्या पोराला ताप भरला. आणि कमळ नाही म्हणते. घरातला शेवटचा माणूस बरा होऊन आठवडा झाल्याशिवाय नाही. काका ओरडला, आई रडली, ऐकत नाही. आई म्हणाली, "तुमचा शब्द धरून बसलीय ती. तुमी सांगा, बाय. तुमी बोललाव तं येल. दुसऱ्या कोनाचा न्हाय ऐकायची."

थांबा म्हटलं. वैजूला चहा घेऊन पाठवलं. तिने पेला रस्त्याच्या मध्ये ठेवला आणि मागे आली, मग आईने उचलला.

प्रिं.कडे धावले. पाठ मैदानात घ्यायला निरीक्षक तयार होतील का? पोरं लांब लांब बसवून? प्रिं. म्हणाले, विचारतो, पण शनिवारी दुपारी विचारायचं कुणाला, साहेब निघाले असतील. मग म्हणाले, "वसतिगृह तुमचं. नियम तुमचा. तुम्ही सांगाल ते मी मान्य करतो." केवढे चांगले आहेत. त्यापेक्षा नाही म्हणाले असते तर बरं झालं असतं.

ये म्हटलं तर ती येईल, पाठ देईल, पास होईल. पोरांना काही होणारही नाही, बहुतेक. पण मग मी शिकवलं ते ती परत कधी खरं मानणार नाही. आणि तिकडे तिचं ऐकून जी घरं थांबली, त्यांना काय तोंड दाखवील? येऊ नको म्हटलं तर तिचं वर्ष गेलं, आणि पुढल्या वर्षी काका आजच्यासारखा असेलच असं कोण सांगणार. इतकी गुणी पोर माझ्या हाताखालून गेली नाही. तिला फळ्यासमोर उभी बघायचीय मला. नुसती बघायचीय.

आई रस्त्याकडेला दगडावर बसलीय. आतून कोणी फाटकाशी आली की लांब सरकते. होडी भरतीवर सुटते, अजून थोडा वेळ आहे. हे लिहीत बसलेय, ते वेळ काढायला. शांता येऊन विचारून गेली, बाई, कमळचा तक्ता आत ठेवू की आईकडे देऊ?

उठते. रस्त्याच्या अलीकडून सांगायचंय, मोठ्याने, म्हणजे सगळ्या ऐकणार. कमळला सांगा, बाई म्हणाल्या की...